वाचकांचे प्रश्न : धक्का खांद्याला, किंमत कानाला

मागच्या अंकात रायफलच्या धक्क्यावर दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांत एकच विचारणा: कुठला मझल ब्रेक घेऊ? जणू नळीच्या तोंडाला भोकाभोकांचं नळकांडं बसवलं की खांद्याचं दुखणं संपलं. निवडक पत्रांना उत्तरं देतो. त्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात लिहायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार बंद झाली. खाली शिकारीचा विषय येईल तो परदेशातला.

माझा भाचा टेक्सासला असतो. मित्राच्या रँचवर रानडुकरांच्या शिकारीला जातो. त्यासाठी त्याने ३०० विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाची रायफल घेतली. खांदा काळानिळा होतो म्हणून दुकानदाराने मझल ब्रेक सुचवला. दिवाळीला घरी येतोय, म्हणाला, मावशी, तुझ्या मासिकातल्या काकांना विचारून ठेव. (गंगापूर रोड)

मावशी, उत्तर त्यालाच मोठ्याने वाचून दाखवा.

गोळी पुढे जाते म्हणून रायफल मागे येते, एवढं शाळेत शिकवतात. गोळीच्या मागून जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो आणि तो गोळीपेक्षा जोरात सुटतो, हे मात्र कुणी सांगत नाही. ३०० मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी म्हणजे पावणेबारा ग्रॅम वजन, वेग सेकंदाला ९०० मीटर. तिच्या पाठीमागे साडेचार ग्रॅमच्या आसपास दारू. धक्क्याच्या हिशोबात वायूचा वेग गोळीच्या पावणेदोन पट धरतात. मांडून बघा, एकूण धक्क्यातला सुमारे ४० टक्के वाटा या वायूचा निघतो. मझल ब्रेकचा सगळा कारभार या वाट्यावर चालतो. सरळ पुढे जाणारा वायू आतल्या भिंतींवर आपटून बाजूला वळतो, आणि भिंतींना दिलेल्या त्या रेट्याने रायफल पुढे ओढली जाते. भोकं मागे कललेली असतील तर ओढ आणखी. गोळीच्या वाट्याला ब्रेक हात लावू शकत नाही. एवढ्यावरही मॅग्नमचा धक्का एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतो, हे खरं आहे. दुकानदार खोटं बोलला नाही.

त्याने न सांगितलेली गोष्ट कानाची आहे. अशा रायफलचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या घरात असतो, आणि १४० च्या वर एका बारातही कानाला कायमची इजा होऊ शकते. ब्रेक तोच आवाज बाजूला आणि मागे वळवतो, म्हणजे थेट झाडणाऱ्याच्या कानाकडे. पाच ते दहा डेसिबलची भर पडते. आकडा किरकोळ वाटतो, पण ६ डेसिबल वाढले की दाब दुप्पट होतो. रेंजवर सगळे कानात बोळे घालून वर मफ चढवतात. रानात डुक्कर दिसलं की मफ गळ्यातच राहतात, आणि नेमका तिथेच कान जातो. जोडीला उभ्या असलेल्या मित्राचा तर आधी जातो, कारण तो भोकांच्या बाजूला असतो. बार कधी उडणार याचीही त्याला कल्पना नसते.

आता माझं मत. रानडुकराला ३०० मॅग्नम लागतच नाही. त्याच वजनाच्या, साधारण ३.६ किलोच्या रायफलमध्ये ३०० मॅग्नमचा धक्का ४३ जूलच्या आसपास बसतो, २४३ विन्चेस्टर या लहान काडतुसाचा १४ जूल. धक्का तिसऱ्या भागावर आणून ठेवेल आणि आवाजही वाढवणार नाही, असा ब्रेक नाही. काडतूस बदललं की ते आपोआप होतं. २४३ हलकं वाटत असेल तर ३०८ घ्यावं. बेताचं काडतूस डोळे न मिटता झाडता येतं. मोठ्या काडतुसाचा धसका घेतलेला माणूस घोडा दाबायच्या आधीच खांदा उडवतो आणि गोळी पोटात मारतो. जनावर झाडीत जाऊन तासन्‌तास तडफडतं.

तरीही हीच रायफल ठेवायची असेल तर ब्रेक काढता-घालता येणारा घ्यावा. ३० कॅलिबरला तिकडे बहुधा पाच अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला २४ आटे असतात. खालच्या बाजूला भोकं नसलेला निवडावा, नाहीतर पालथं पडून झाडताना पहिल्याच बाराला माती डोळ्यांत येते. सरावाला ब्रेक, शिकारीला आट्यांवर नुसती टोपी, असंही बरेच जण करतात. पण ब्रेक काढला की गोळी दुसरीकडे लागते. किती सरकते ते कागदावर बघितल्याशिवाय रानात जायचं नाही.

वडिलांची ३१५ बोअर रायफल रीतसर लायसन्सवर माझ्या नावे झाली. धक्का फार आहे. अंबडला ओळखीचा लेथवाला आहे, तो आटे पाडून ब्रेक बनवून देतो म्हणतो. वर दुर्बीणही बसवायची आहे. ब्रेकने आवाजही कमी होईल ना? (पेठ तालुका)

दादा, लेथवाल्याकडे जाऊ नका. त्याचा हात कितीही सफाईदार असू दे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्याराची दुरुस्ती आणि फेरफार लायसन्सधारक गनस्मिथनेच करायचे असतात. तुम्ही तर अडकालच, पण त्या बिचाऱ्याचं वर्कशॉपही बसेल. आवाज कमी होत नाही, वाढतो. आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी केलेलं जोडसाधन आपल्या कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र ठरतं. तो विषय मनातूनही काढून टाका.

कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा तोट्याचाच आहे. तुमची रायफल म्हणजे ली-एनफिल्डची बहीण. इंग्रजांच्या काळात ३०३ हा फौजेचा बोअर, तो रयतेच्या हाती नको म्हणून ३१५ पुढे आला, आणि पुढे आपल्या इशापूरच्या कारखान्याने तो चालू ठेवला. गोळी जड, २४४ ग्रेनची. दारू बेताची. वर पाहिलंत तसं ब्रेक वायूवर जगतो, आणि इथे वायूचा वाटाच लहान. शिवाय नळीच्या टोकाला पुढची माशी (नेम धरायचा खुंट) बसलेली असते, आट्यांना जागाच नाही.

तुमच्या दस्त्याच्या टोकाला पितळी किंवा लोखंडी पाटी असेल. सगळं दुखणं तिथं आहे. तो कठीण धातू जाड शर्टातूनही हाडाला भिडतो. रबराचा चढवायचा पॅड मिळतो, तो मोज्यासारखा दस्त्यावर ओढायचा. नळीला हातही लागत नाही. पॅडने दस्ता दीड-दोन सेंटिमीटर लांब होतो, तेव्हा कोपर काटकोनात वाकवून दस्ता आतल्या बाजूला धरून बघा. बोट घोड्यापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. उंचीला बेताच्या माणसाला फार लांब दस्ता सोसत नाही. दस्ता गळ्याच्या हाडावर टेकवायचा नाही, खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून धरायचा. सैल धरलेली रायफल धाव घेऊन आपटते.

दुर्बिणीचं म्हणाल तर या जुन्या रायफलींवर बहुतेक वेळा माउंटची, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या बैठकीची, भोकंच नसतात. ती नव्याने पाडणं हा पुन्हा गनस्मिथचा प्रश्न. शंभर मीटरपर्यंत उघडी माशी पुरते.

रायफल कशासाठी हवी ते तुम्ही लिहिलं नाहीत. पिकात डुकरं शिरत असतील तर शस्त्राचं लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी, लेखी घ्यावी लागते. कागद हातात आल्याशिवाय काडतूस भरू नका.

ब्रेक लावला की गोळीचा वेग आणि पल्ला कमी होतो असं आमच्या कट्ट्यावर एकाने छातीठोक सांगितलं. खरं का? (सिडको)

नाही. ब्रेक काम सुरू करतो तेव्हा गोळी नळीतून सुटलेली असते. चहाचे पैसे त्याच्याकडून घ्या.

मी तोफखान्यातून निवृत्त झालो. बोफोर्सच्या तोंडाला असतो तो ब्रेक आणि रायफलचा ब्रेक, तत्त्व एकच ना? मग तोफेला चालतो तो रायफलला लावू नका असं तुम्ही का म्हणता? (देवळाली कॅम्प)

नमस्कार साहेब. माझीही नोकरी आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, म्हणून देवळालीतच झाली, त्यामुळे हा प्रश्न घरचा वाटला. तत्त्व अगदी एकच. फरक धक्का झेलतं कोण यात आहे. १५५ मिलिमीटरची तोफ ४०-४५ किलोचा गोळा फेकते. नळी पाळण्यावर मागे सरकते, तेलाचा बफर ती थोपवतो, रिक्युपरेटर पुन्हा जागेवर आणतो. ब्रेक त्या यंत्रणेवरचा भार हलका करतो, म्हणून तोफ हलकी बांधता येते. रायफलमध्ये बफरही तुमचा खांदा आणि रिक्युपरेटरही तुमचाच खांदा. आणि तोफेवर कुठे उभं राहायचं आणि कानाला काय लावायचं हे ड्रिलमध्ये ठरलेलं असतं. शिकारी माणसाचं ड्रिल कोण घेतो?

रायफलला लावू नका, असं मी म्हणत नाही. मॅग्नमला जरूर लावा. मात्र तोफखान्याची शिस्तही सोबत घ्या. २०१७ च्या चाचण्यांत धनुष तोफेचा गोळा मझल ब्रेकला लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. रायफलमध्ये तेच छोट्या प्रमाणात घडतं. ब्रेकचं भोक गोळीच्या व्यासापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठं असतं. आटे नळीच्या आतल्या पोकळीशी एका रेषेत नसतील, किंवा नळीचा खांदा काटकोनात नसेल, तर ब्रेक केसभर तिरका बसतो आणि गोळी शेवटच्या भिंतीला चाटून जाते. सुरुवातीला नुसता नेम विखुरतो. माणूस दुर्बिणीला शिव्या देतो, काडतुसं बदलतो, आणि नळीच्या टोकाकडे कुणी बघत नाही. ब्रेक काढून उजेडात धरा. बाहेर पडायच्या भोकाच्या कडेला एकाच बाजूला तांब्याची चकाकणारी रेघ दिसली तर गोळी तिथे घासतेय. ती रेघ दिसल्यावर एकही बार काढायचा नाही. ब्रेक उतरवून ठेवायचा आणि रायफल गनस्मिथकडे न्यायची.

काजळीचंही तसंच. आत थर साचत गेला की तो दगडासारखा होतो. वेळीच पुसला तर चिंधीने निघतो.

काका, मी अकरावीत आहे. माझ्याकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे, पॉइंट १७७. तिच्यावर ४ x ३२ स्कोप, म्हणजे दुर्बीण, लावला. संध्याकाळी झिरो करतो, म्हणजे नेम जुळवतो, दोन दिवसांत नेम सरकतो. दुकानदार म्हणतो मझल ब्रेक लाव. (कॉलेज रोड)

बाळा, दुकानदाराला ब्रेक विकायचा आहे. तुझ्या रायफलमध्ये दारूच नाही, मग वायू वळवून करायचं काय? एअर रायफलवर ब्रेक म्हणून जे मिळतं ते बहुधा नळी मोडून भरताना धरायला मूठ असते.

तुझं दुखणं वेगळं आहे. दारूची रायफल एकदाच मागे येते. स्प्रिंगची आधी मागे येते, कारण आतला पिस्टन पुढे झेपावतो. मग तो टोकाला आपटला की अख्खी रायफल पुढे उसळते. हा उलटा झटका साध्या स्कोपला सोसत नाही. त्याची भिंगं मागच्या धक्क्यासाठी बसवलेली असतात. मोठमोठ्या मॅग्नम रायफली झेलणारे स्कोप स्प्रिंगच्या एअरगनवर खिळखिळे होतात ते यामुळे. ब्रेक लावलेल्या फार मोठ्या कॅलिबरच्या रायफलींवरही असाच पुढे ओढणारा झटका स्कोपला बसतो. तेव्हा खोक्यावर ‘एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला स्कोपच घे.

पण नवा घेण्याआधी माउंट बघ. स्कोप धरणाऱ्या रिंगच्या मागे स्कोपच्या नळीवर पेन्सिलने बारीक रेघ ओढ आणि नेहमीसारखा सराव कर. रेघ आणि रिंग यांच्यात फट पडली तर स्कोप रिंगमध्ये सरकतोय. फट नसेल तर अख्खा माउंट खाचेवरून मागे चाललाय का ते बघ. त्याला अडवायला स्टॉप पिन असलेला माउंट लागतो. बसवताना रिंगचा आतला भाग आणि स्कोपची नळी स्पिरिटने पूस, तेलाचा अंशही नको. स्क्रू आलटून पालटून, तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळ. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. ताकद लावायची नाही: रिंगच्या स्क्रूला दोन न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, म्हणजे लहान ॲलन की दोन बोटांत धरून आवळावी तितकं. मूठ वळून आवळलास तर स्कोपची नळी चेपते आणि नेम सरकवायच्या चकतीचे क्लिक अडकायला लागतात.

क्लिकचाही घोळ असणार. त्या चकतीवर, म्हणजे टरेटवर, पाव एमओए (कोनाचं माप, मिनिट ऑफ अँगल) लिहिलं असेल तर एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर ७ मिलिमीटर. तू गच्चीवर दहा मीटरवर मारतोस, तिथे ते ०.७ मिलिमीटर होतं. दोन क्लिक फिरवून काही हलत नाही म्हणून स्कोपला नावं ठेवू नकोस. आणखी एक, शिकारीच्या स्कोपमध्ये पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली सरकल्याचा भास, बहुधा १०० यार्डांवर घालवलेला असतो. दहा मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली कागदावर पोहते. पुढच्या भिंगाभोवती अंतराचं कडं असलेला स्कोप घेतलास की ते थांबेल.

धरण्याची एक पद्धत आहे, तिला जगभर ‘आर्टिलरी होल्ड’ म्हणतात. डाव्या हाताचा तळवा नुसता आधाराला, बोटं मिटायची नाहीत, दस्ता खांद्याला हलका टेकलेला. तोफ पाळण्यावर सरकते तशी रायफल दर वेळी सारखीच सरकू द्यायची. ३१५ वाल्या दादांना मी घट्ट धरायला सांगितलं, तुला सैल धर म्हणतोय. दोन्ही बरोबर आहे, हत्यारं वेगळी आहेत.

स्पर्धेत उतरायचं असेल तर आत्ताच ठरव. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत मझल ब्रेकही चालत नाही आणि दुर्बीणही. तिथे पीप साइटचाच, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याचाच, सराव लागतो. आणि २० जूलच्या आतल्या तुझ्या रायफलला लायसन्स लागत नाही म्हणून मामाच्या द्राक्षबागेत बुलबुलांवर छरे उडवायचे नाहीत. पक्ष्यांनाही तोच १९७२ चा कायदा लागू आहे.

आमची द्राक्षं युरोपात जातात. तिकडच्या एका खरेदीदाराने नामिबियाला शिकारीचं आमंत्रण दिलंय. तिथे रायफल आयोजकच देतात. वय ५८, चष्मा आहे. स्कोप मोठ्यात मोठा, ५६ मिलिमीटरवाला मागू का? आणि ब्रेक लावलेली रायफल मागू का? (पिंपळगाव बसवंत)

ब्रेकचं आधी. मागितलात तर कदाचित मिळेल, पण तिकडचे बरेच वाटाडे आणि आयोजक त्यावर नाराज असतात. माग काढणारा माणूस तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, त्याच्या कानाजवळ तुमचा बार फुटतो. पाहुण्याने यजमानाचे कान फोडू नयेत. ३०८ किंवा ३०-०६ मागा, तिथल्या हरणांना पुरते.

स्कोपच्या मोठ्या भिंगाचा हिशोब सोपा आहे. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ३-९ x ४० चा (३ ते ९ पट वर्धन, ४० मिलिमीटरचं भिंग) स्कोप ८ वर ठेवलात तर ४० भागिले ८, पाच मिलिमीटर. तुमच्या वयात अंधारात बाहुली पाचच्या पुढे फारशी उघडत नाही. त्याहून रुंद झोत डोळ्यात शिरतच नाही. दिवसाउजेडी ५६ मिलिमीटरचं भिंग म्हणजे जास्तीचं वजन, आणि ते नळीला लागू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो. मग गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान ताणून बघावं लागतं. त्यापेक्षा ३-९ x ४० मागा आणि फिरताना ३ किंवा ४ वरच ठेवा. ९ वर ठेवून फिरणाऱ्याला जवळचं जनावर सापडतच नाही, नुसती केसाळ भिंत दिसते.

जपायचं आहे ते डोळ्याला. स्कोपच्या मागच्या भिंगापासून डोळा सुमारे ९ सेंटिमीटर लांब असतानाच पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. उधारीची रायफल दुसऱ्याच्या मापाने बसवलेली असते. चित्र दिसेना म्हणून माणूस डोळा पुढे सरकवतो, बार निघतो आणि स्कोपची कड भुवईवर चंद्रकोर कोरते. चढावर रोखून मारताना आणि पालथं पडून मारताना हे हमखास होतं. तुमचा तर चष्मा आहे. पोचल्यावर पहिल्याच दिवशी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. चित्र पूर्ण, कडेला काळी सावली नाही, तर माप जुळलं. सावली दिसली तर आयोजकाला स्कोप पुढेमागे सरकवायला सांगा. संकोच करू नका, त्याचं रोजचं काम आहे ते. चष्मा नेहमीचाच ठेवा आणि स्कोपच्या मागचं कडं फिरवून फुली ठसठशीत करून घ्या. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे रोखून एकदा बघायचं, डोळा ताणून बघत बसायचं नाही.

टरेट फिरवू नका, रायफल तुमची नाही. स्कोप सरकवला असेल तर झिरोही आयोजकच पुन्हा करून देईल. त्यानंतर तीन गोळ्या कागदावर मारा, त्या कुठे लागतात ते त्याच्यासमोर बघा, आणि फरक असला तर दुरुस्ती त्यालाच करू द्या.